ट्रॅक्टर तापला म्हणून थर्मोस्टॅट काढू नका

उन्हाळी नांगरटीत ट्रॅक्टर तापू लागला, की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून हातात देतो. ‘आता पाणी मोकळं फिरेल,’ म्हणतो. तुम्ही समाधानाने घरी येता. पण इंजिनाचे आयुष्य तिथून घटू लागते.

थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची झडप. आतल्या मेणामुळे ती साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागते. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही व इंजिन लवकर गरम होते. ती काढली, की इंजिन थंडच चालते. डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये उतरते, स्लीव्ह व रिंगा झिजतात. काही इंजिनांत तर गरम पाणी रेडिएटर चुकवून बायपासनेच परत फिरते आणि तापणे उलट वाढते!

झडप अडकली का, हे चुलीवर पाहता येते. पातेल्यात पाणी घेऊन ती दोऱ्याने अधांतरी टांगा. बुडाला टेकू नये. पाणी उकळूनही उघडली नाही, तर त्याच अंशाची नवी बसवा. (पातेले मात्र जुने घ्या, नाहीतर घरातच तापमान वाढेल.)

पुष्कळदा दोष दुसरीकडेच असतो. मळणीचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसतो. इंजिन गार असताना पंख्याच्या बाजूने पाणी मारून तो पुढे काढा. पंख्याचा पट्टा ढिला असेल तर ताणा. विहिरीचे मचूळ पाणी आत क्षाराचा थर धरते. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकते. रेडिएटरची टोपीही निवल्यावरच, फडके धरून उघडा.