घोड्याची किंमत किती?
— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला

कॉलेजच्या वाचनालयात बुद्धिबळाचे एक पुस्तक हाती लागले. त्यातला तक्ता मी पाठच केला : प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तो ही विद्या घेऊनच. आमचे आबा शाळेची पायरी फारशी चढले नाहीत. पण देवळाच्या ओट्यावर पट मांडला की त्यांना हरवणारा विरळा. त्यांच्याशी खेळताना माझ्या घोड्याने कोपऱ्यातला हत्ती मारला. ‘पाच मिळवले!’ मी म्हणालो. आबांनी शांतपणे उंट सरकवला. दहाबारा चालींत माझ्यावर मात झाली, तेव्हा घोडा त्याच कोपऱ्यात अडकून उभा होता.

‘घोडा तीनाचा आसंल, पर उभा कुठं हाय?’ आबांनी विचारले.

मग मी घरे मोजली. मध्यावरचा घोडा आठ घरांवर मारा करतो; कोपऱ्यातला फक्त दोन. मोकळ्या पटावर उंटाला मध्यभागी तेरा घरे, कोपऱ्यात सात. हत्तीला मोकळ्या पटावर कुठूनही चौदाच. पण पुढे स्वतःचेच प्यादे असले की तो बांधला गेला. सातव्या पट्टीवरचे प्यादे मात्र एकाचे राहत नाही. पुढच्या चालीला ते वजीर होऊ शकते. उलट, कडेच्या प्याद्याला ज्या कोपऱ्यात वजीर व्हायचे ते घर आपल्या उंटाच्या रंगाचे नसेल आणि विरुद्ध राजा तिथे जाऊन बसला असेल, तर उंट व प्यादे शिल्लक असूनही डाव बरोबरीत सुटतो.

१८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात अमेरिकेचा पॉल मॉर्फी दोन उमरावांच्या जोडीविरुद्ध खेळला. सोळाव्या चालीला त्याने वजीर देऊन टाकला आणि सतराव्या चालीला मात केली. प्यादी सोडली, तर त्याच्याजवळ राजाखेरीज एक हत्ती आणि एक उंट एवढेच उरले होते. समोर वजीर, हत्ती, उंट, घोडा सारे होते. पण त्यांतला हत्ती व उंट डावभर जागचे हललेच नव्हते.

तक्ता खोटा नाही. नवशिक्याला तो लागतोच. पण तो मोहऱ्याची किंमत सांगतो, जागेची सांगत नाही.

त्या सुट्टीत मी आणखी एक तक्ता मनात घेऊन गेलो होतो : कोण किती शिकला याचा. त्यात आबांच्या नावापुढे मी कोणता आकडा मांडला होता, ते लिहायला आज लाज वाटते.