आधी दुखणं, मग एक्स-रे

जामनेर किंवा साक्रीहून हात मोडलेलं पोर जळगाव-धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंत तासभर सहज जातो. त्याला एक्स-रे होईस्तोवर विव्हळत ठेवणं मला मान्य नाही. औषधाने दुखणं दबलं की निदान चुकतं, ही भीती निराधार आहे; शांत झालेलं मूल उलट नीट तपासता येतं. आधी हात फळीने स्थिर करावा. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम. तीव्र असेल तर डॉक्टर फेंटानिलचा फवारा नाकात देऊ शकतात: सुई टळते, काही मिनिटांत आराम पडतो, श्वासावर मात्र लक्ष हवं. तान्ह्यांनाही दुखतं. इंदूरला शिकलेले डॉ. आनंद यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया झाल्यास अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचं शरीरही हादरतं.