काळी माती आणि प्रायॉन
माळव्यातल्या धार-देवासची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ही करणी तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाची. प्रयोगशाळेत हेच खनिज प्रायॉनला घट्ट चिकटवून ठेवते, म्हणून माळव्याच्या मातीकडे लक्ष हवेच. प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेले, रोग पसरवणारे प्रथिन; ना डीएनए, ना आरएनए. उकळून वा फॉर्मालिनने ते निकामी होत नाही. संशोधक ब्राउन आणि गाजडुसेक यांनी स्क्रेपी या प्रायॉन-रोगाने बाधित हॅमस्टरचा मेंदू मातीत मिसळून पुरला. तीन वर्षांनीही त्यात संसर्ग शिल्लक होता (१९९१). भारतातल्या गुरांना ‘मॅड काउ’ या प्रायॉन-रोगाचा धोका नगण्य, असा दर्जा २०१० मध्ये मिळाला, हा मोठाच दिलासा. प्रायॉनच्या शोधासाठी आरटी-क्विक चाचणी: नमुन्यात निरोगी प्रथिन घालून ते हलवत राहायचे. प्रायॉन असेल तर ते निरोगी प्रथिनही वेडेवाकडे दुमडते आणि सोबतचे रंगद्रव्य चमकू लागते.