ऑनलाइन अध्यापन : समजुती आणि वस्तुस्थिती

२०२० च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालयांचा कारभार एकाएकी पडद्यावर आला, आणि वर्गातील व्याख्यान कॅमेऱ्यासमोर केले की ऑनलाइन शिक्षणाची तरतूद पुरी झाली, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली. दूरस्थ शिक्षणाचा पूर्वेतिहास मात्र निराळी साक्ष देतो. आयझॅक पिटमन यांनी इंग्लंडात १८४० च्या सुमारास टपालाने लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा ते धडे धाडून थांबत नसत, तर विद्यार्थ्यांचे स्वाध्याय मागवून, दुरुस्त करून परत पाठवीत असत. आणि १९८९ मध्ये नाशिकास स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही पाठ्यपुस्तकांच्या जोडीला अभ्यासकेंद्रे उभारली.

दुसरी समजूत, चित्रफीत आखूड केली की विद्यार्थी शिकतो ही, अर्धसत्य असल्यामुळेच अधिक घातक आहे. तिला आधार नाही असे नव्हे. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचाच्या चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख प्रेक्षण-नोंदींचे जे पृथक्करण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात चित्रफीत कितीही लांब असो, प्रेक्षणकाळाचा मध्यक सहा मिनिटांपलीकडे गेला नाही. परंतु पाहणे आणि शिकणे या भिन्न बाबी आहेत. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये संख्याशास्त्राचे एकवीस मिनिटांचे व्याख्यान चार भागांत दाखविले. विराम सर्वांनाच मिळाले, परंतु ज्यांना प्रत्येक भागानंतर त्याच भागावरील प्रश्न विचारले गेले त्यांचे चित्त कमी भरकटले, त्यांनी टिपणे अधिक घेतली आणि अखेरच्या चाचणीत तेच सरस ठरले. गुण तुकड्यांचा नव्हता, प्रश्नांचा होता.

चाचणी केवळ मोजमापासाठी असते, हा समजही याच ठिकाणी ढासळतो. स्मृतीचे अभ्यासक रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगांत उतारा पुनःपुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, तर आठवून लिहिणारे आठवड्यानंतर. तात्कालिक ओळखीलाच ज्ञान मानण्याची चूक विद्यार्थ्याकडून आणि शिक्षकाकडूनही का घडते, याचा उलगडा येथे होतो.

विद्यार्थ्यांची ‘दृश्य’ आणि ‘श्राव्य’ अशी वर्गवारी करून प्रत्येकास निराळी सामग्री पुरविण्याच्या कल्पनेस तर २००८ मधील मानसशास्त्रज्ञांच्या समीक्षेत पुरेसा पुरावाच आढळला नाही. तिच्यावर द्रव्य खर्चू नये.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, कॅमेरा आणि प्रकाशयोजना यांवर जाणाऱ्या वेळातील मोठा हिस्सा त्यांनी पाठागणिक प्रश्न रचण्यास आणि आलेली उत्तरे वाचून त्यांवर अभिप्राय देण्यास राखून ठेवावा.