बराखीतला कांदा कधी काढायचा?

‘शेती म्हणजे जुगार’ हे वाक्य आळेफाट्यापासून मंचरपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येतं. मला मात्र या दोन गोष्टींतला फरक जितका कळत गेला, तितका मी थक्क होत गेलो. दोन्हीकडे प्रश्न एकच: थांबायचं कधी? उत्तरं मात्र दोन टोकांची.

आधी जुगाराचं टेबल. महाराष्ट्रात कॅसिनोंना परवाना देणारा कायदा १९७६ साली झाला, कधी लागू झाला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. त्यामुळे कॅसिनोसाठी पणजीला, मांडवीतल्या बोटींवर जावं लागतं. युरोपीय रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात: १८ लाल, १८ काळी आणि शून्याचं एक हिरवं. लालवर १०० रुपये लावले की सरासरी २ रुपये ७० पैसे जातात. त्या एका हिरव्या घराची ही किंमत. मग लोक नियम करतात. ‘हजार जिंकले की उठायचं.’ ‘हरलो की पुढचा डाव दुप्पट.’ दुप्पट करणारा सलग दहा डाव हरला, तर त्याचे १,०२,३०० रुपये गेलेले असतात आणि पुढचा डाव १,०२,४०० चा असतो. कशासाठी? शंभर रुपये जिंकण्यासाठी!

जोसेफ डूब या अमेरिकन गणितज्ञाच्या १९५३ सालच्या ग्रंथात असे नियम का फसतात याचा पाया सापडतो. पैसा आणि वेळ मर्यादित असेल, तर उठण्याचा कुठलाही नियम तोट्याच्या खेळाला फायद्याचा करू शकत नाही. ‘हजार मिळाले की उठायचं’ म्हणणारा बऱ्याचदा हसत घरी येतो आणि एखाद्या रात्री ते सगळं, वर आणखी काही, देऊन येतो. चाकाला मागचं काही आठवत नाही. पहिला डाव आणि शंभरावा डाव त्याला सारखाच.

आता बराखीकडे या. जुन्नर-आंबेगावात उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. पात कापून, सुकवून, निवडून तो बराखीत पडतो. जमिनीपासून उचललेली, फटीफटींतून वारा खेळेल अशी ही जागा. नारायणगावच्या टोमॅटोला अशी सोय नाही. तो पिकला की तोडायचा आणि मिळेल तो भाव घ्यायचा. कांदा थांबू शकतो, म्हणून कांदेवाल्याला निवड आहे. आणि निवड आहे म्हणून झोप नाही.

कारण बराखीला सगळं आठवतं. कांद्यातलं पाणी उडतं, काही सडतो, काहीला मोड येतात. समजा, मे महिन्यात १०० क्विंटल कांदा १५ रुपये किलोने गेला असता: दीड लाख. थांबलात, ३० टक्के घट आली, उरला ७० क्विंटल. सप्टेंबरमध्ये २० रुपये भाव मिळाला की घरात आनंद होतो, पण हातात येतात १ लाख ४० हजार. बरोबरी साधायलाच साडेएकवीसच्या आसपास भाव लागतो.

मग विकायचं कधी, यावर गणिताकडे एक सुंदर उत्तर आहे. समजा, विक्रीचे २० आठवडे आहेत, गेलेला भाव परत येत नाही आणि भावाचा काही अंदाजच नाही. मग पहिले ७ आठवडे फक्त बघायचं. त्यानंतर त्या सातांपेक्षा चढा भाव आला की लगेच विकायचं. एवढ्याने वीसांतला सर्वोत्तम भाव गाठण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के होते. आंधळेपणाने आठवडा निवडला तर ती फक्त ५ टक्के. नुसतं थांबणं शिकल्याने एवढा फरक!

खऱ्या बाजारात भाव असे मोकळे नसतात. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली. बराखीत बसलेल्या माणसाला हे आदल्या दिवशी कोण सांगणार? म्हणून जाणते शेतकरी सगळा माल एका भावावर लावत नाहीत. देणी भागवण्यापुरता आधी, थोडा पावसाळ्यात, थोडा दिवाळीच्या तोंडावर. माझ्या मते वरच्या सूत्रापेक्षा हे शहाणपण मोठं आहे.

शेजारच्या खेड तालुक्यात, राजगुरुनगरला, कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथले भीमा शक्ती, भीमा किरण हे वाण नीट साठवले तर पाच-सहा महिने टिकतात. म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांनी शेतकऱ्याला थांबायला जास्तीचे आठवडे मिळवून दिले. रूलेटच्या टेबलावर असं काही कुणालाच मिळवून देता येत नाही.

पावसाळ्यात या भागातून जाल तेव्हा बराखीपाशी जरा थांबा. नाकात सडक्या कांद्याचा वास शिरला, तर त्या घरात भाव काहीही असो, आज कांदा निवडायला बसावंच लागणार आहे.