पोपटाचे टॉनिक आणि जिवाणूंची पुडी



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, खताचे हप्ते असले विषय घेतो. या वेळी विषय पोपटाच्या खाण्याचा आहे. ‘कारखान्याच्या अंकात पोपट कशाला?’ असे कुणी म्हणेल. पण आपल्या गावांत अजून पुष्कळ ओसरींवर पिंजरा टांगलेला दिसतो, आणि नोकरीनिमित्त मुंबईला गेलेल्या मुलांच्या खोल्यांतूनही दिसतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुंबईस गेलो असता अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत आपल्या एका सभासदाच्या चिरंजीवांकडे उतरलो होतो. गॅलरीत कॉकॅटिएल जातीचे तुरेवाले पाखरू होते. पिसे विस्कटलेली, सारखे शिंकत होते, पाण्याला तोंड लावत नव्हते. शेजारी फळीवर जीवनसत्त्वाचे थेंब, कॅल्शियमचे पातळ औषध आणि प्रोबायोटिकची पुडी. दुकानदाराने सांगितले म्हणून तिन्ही पाण्यात कालवलेली. खायला मात्र नुसत्या सूर्यफुलाच्या बिया. “काका, एवढा खर्च करतोय, तरी पाखरू सुकतच चाललंय,” चिरंजीव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाखरू घेऊन परळला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. परळ हे या कामाचे जुने ठिकाण. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे १८८६ साली बाई साकरबाई पेटिट जनावरांच्या इस्पितळाच्या आवारात सुरू झाले. डॉक्टरांनी पाखराची चोच उघडून आतले पांढरे चट्टे दाखवले आणि म्हणाले, “आधी ताट बदला. बाटल्यांचं नंतर बघू.”

याचे कारण आपल्याला चटकन पटेल. चुनखडीच्या रानात ऊस पिवळा पडला, केवडा दिसला, की आपण लोह देतो. पण माती परीक्षण न करता दिसेल ते सूक्ष्म अन्नद्रव्य ओतीत नाही. पोपटाचेही तसेच. सूर्यफुलाच्या बीत चरबी फार, ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नाही आणि कॅल्शियम थोडे. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पाखराच्या तोंडातली व श्वासनलिकेतली त्वचा ‘अ’ जीवनसत्त्वावाचून बिघडते. मग चट्टे, शिंका, नाक वाहणे सुरू होते.

हे जीवनसत्त्व स्वस्तात आपल्या परसात आहे. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, गाजर, लाल भोपळा, पिकली पपई यांत त्याचा कच्चा माल भरपूर असतो. पिकलेली लाल मिरचीही त्यातच येते. पोपट मिरची आवडीने खातो, कारण पाखरांना तिखटाची आग आपल्यासारखी जाणवतच नाही. जोडीला मोड आलेली मटकी, मका, ज्वारी द्यावी. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्यात अडकवला की पाखरू लागेल तेवढे कुरतडते.

बाटलीचा धोका मात्रेत आहे. कॉकॅटिएलचे वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असते. पन्नास किलोच्या माणसापेक्षा ते पाचशे पटींनी हलके. म्हणजे त्याच्या पोटात गेलेला एक जादा थेंब हा माणसाला पाचशे थेंब पाजण्यासारखा! ‘अ’ आणि ‘ड’ ही जीवनसत्त्वे लघवीवाटे सहज निघून जात नाहीत, अंगात साठतात. ‘ड’ जास्त झाले तर मूत्रपिंडात कॅल्शियमचे खडे बसतात. बाजारच्या तयार गोळीखाद्यात जीवनसत्त्वे घातलेलीच असतात, त्यावर पुन्हा थेंब देणे म्हणजे खताचा तोच हप्ता दोनदा टाकणे. शिवाय औषध कालवलेल्या पाण्याची चव बदलते, पाखरू पिणे सोडते, आणि उन्हाळ्यात ते पाणी लवकर नासते.

आता प्रोबायोटिक. हा शब्द नवा वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. आपण बेण्याला असेटोबॅक्टर, जमिनीला स्फुरद विरघळवणारे जिवाणू देतो, तसे हे आतड्यातले उपकारक जिवाणू. फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली कोंबडीच्या नुकत्याच निघालेल्या पिलांना मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू दिले. त्या पिलांत साल्मोनेला हा रोगजंतू सहजी ठाण मांडू शकला नाही. चांगल्यांनी जागा आधीच अडवली होती. तेव्हापासून कुक्कुटपालनात यावर पुष्कळ काम झाले. पोपटावर मानाने थोडे झाले आहे. म्हणून पुडीवर लिहिलेले सगळे खरे धरू नये. आजारपणातून उठलेल्या पाखराला डॉक्टर ती देतात. धडधाकट पाखराला रोज लागतेच असे नाही.

जिवाणू खताचे नियम इथेही लागू आहेत. मुदत पाहावी, पुडी थंड जागी ठेवावी. बुरशीनाशकासोबत जिवाणू खत वाया जाते, तसे प्रतिजैविकासोबत प्रोबायोटिक. दह्याचे बोट चाटवले तर बिघडत नाही, पण दूध-चपाती देऊ नये. पाखरांना दुधातली साखर पचत नाही. आपण कौतुकाने गूळपाणी ठेवतो, तेही आंबते. उसाची कांडी कधीमधी चघळायला ठीक.

आणखी एक. पोपटापासून माणसाला सिटाकोसिस नावाचा ताप येऊ शकतो. घरात ताप-खोकला हटत नसेल तर पाखरू पाळल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे. या रोगावर पाखराला डॉक्सिसायक्लिन देतात. ते चालू असताना समुद्रफेस व कॅल्शियम डॉक्टरांना विचारून काढून ठेवावे, कारण कॅल्शियम ते औषध अंगात उतरू देत नाही.

शेवटी कडू पण गरजेचे. आपला राघू, करण, टोई हे देशी पोपट पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याला कैद आणि दंड आहे. ‘आजोबांच्या वेळेपासून पाळतो’ ही सबब चालत नाही. असा पोपट घरी असल्यास तो एकदम सोडून देऊ नये, त्याला रानात जगता येत नाही. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

अँटॉप हिलच्या पाखराचे म्हणाल, तर पाला-गाजर खायला लावण्यातच तीन आठवडे गेले. सवयीची बी सोडवणे सोपे नसते. रोज थोडी कमी करत न्यावी लागते, उपाशी मारू नये. दोन महिन्यांनी चिरंजीवांचा फोन आला, पलीकडून शीळ ऐकू येत होती. तरी सभासदांनी बाटली घेण्याआधी पाखराचे ताट पाहावे, आणि औषधाचा थेंब डॉक्टरांना विचारूनच द्यावा, ही विनंती.