गुणवत्तेच्या गप्पा आणि चार्ली सिफर्ड

खेळाच्या मैदानात जात नसते, वर्ण नसतो, तिथे फक्त गुणवत्ता चालते, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. असे सांगणाऱ्यांनी अमेरिकेचे कृष्णवर्णीय गोल्फपटू चार्ली सिफर्ड यांची कारकीर्द एकदा पाहावी.

१९२२ साली नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट येथे जन्मलेले सिफर्ड गोऱ्यांच्या गोल्फच्या पिशव्या वाहता वाहता खेळ शिकले. पण व्यावसायिक गोल्फपटूंच्या 'पीजीए' या संघटनेच्या नियमांत १९३४ पासून 'सभासद फक्त गोरेच' असे कलम होते. म्हणून कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या स्पर्धा भरवल्या. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा सिफर्ड यांनी सहा वेळा जिंकली. १९५२ साली फिनिक्सच्या स्पर्धेत ते उतरले, तेव्हा पहिल्याच होलमध्ये मानवी विष्ठा टाकलेली होती!

कॅलिफोर्नियाचे अ‍ॅटर्नी जनरल स्टॅनली मॉस्क यांनी कायद्याचा बडगा उगारला आणि १९६१ साली ते कलम गेले. सिफर्ड तेव्हा ३९ वर्षांचे होते. ऐन उमेद सरली होती. तरीही १९६७ मध्ये हार्टफर्डची आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिसची स्पर्धा त्यांनी जिंकून दाखवली. ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेचे निमंत्रण मात्र त्यांना कधीच आले नाही. तिथे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, १९७५ साली खेळला.

२०१४ मध्ये बराक ओबामांनी सिफर्ड यांना स्वातंत्र्यपदक दिले. पुढच्याच फेब्रुवारीत ते गेले. या सन्मानाचे आम्हाला मोल आहे. पण हिरावलेली वर्षे पदकाने परत येत नाहीत. ज्यांनी दार बंद ठेवून शर्यती जिंकल्या, त्यांनी आम्हाला गुणवत्ता शिकवू नये!